चोरखिशाचे अप्पा

आमच्या फाट्यावर निवडणुकीचा निकाल मतमोजणीच्या पंधरा-वीस दिवस आधीच लागलेला असायचा. तो लावायचे शिंपी अप्पा, आणि तोही कुठं न जाता, कुणाला न विचारता, आपल्या दहा बाय आठच्या पत्र्याच्या दुकानात पायमशीनवर बसून. दातांत दोरा धरून ते माझ्याकडे बघायचे, एक भुवई वर करायचे आणि दोरा तोडून म्हणायचे, "झेरॉक्स, ह्या डावाला धाकटे पडतेत." मग पंधरा दिवसांनी धाकटे पडायचे. टीव्हीवरचे टाय लावलेले लोक चुकायचे, चहाच्या गाड्यावरचे जाणकार चुकायचे, एक डाव सोडला तर अप्पा चुकल्याचं मला आठवत नाही.

झेरॉक्स म्हणजे मी. कर्नाटकातलं कमलनगर ओलांडून उदगीरच्या रस्त्याला लागलं की आमचा फाटा येतो. चार जीपा, दोन चहावाले, खत-बियाणांचं एक दुकान, आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं. थोडं पुढं गेलं की महाराष्ट्र सुरू होतो, म्हणजे रस्ता तोच राहतो, फक्त खड्ड्यांचा मालक बदलतो. थोरले साहेब आणि धाकटे साहेब हे आमच्या भागातले कायमचे दोन उमेदवार. सख्खे चुलत भाऊ. एक निवडून यायचा आणि दुसरा पाच वर्षं त्याचा भ्रष्टाचार बाहेर काढायचा. मग कधीतरी दोघं जागा बदलायचे. आम्हा लोकांची करमणूक अखंड चालू राहायची.

निकाल आधी कळण्यामागचं गुपित समजायला मला तीन निवडणुका लागल्या. तेही अप्पांनी सांगून नाही. भिंत पत्र्याची होती आणि कान माझे होते.

अप्पा चोरखिसे शिवायचे. निवडणूक जाहीर झाली की सीमेवर चेकपोस्ट बसतं, भरारी पथकाच्या गाड्या फिरायला लागतात आणि रोकड नेणाऱ्याला कागद विचारतात. उमेदवाराच्या गुप्त पैशाला कागद नसतो. असता तर तो गुप्त कशाला राहिला असता. गाडीत ठेवावा तर पथकवाले गाडीची सीटसुद्धा उचकटतात. फोनवरून पाठवावा तर फोन पुढं कोर्टात बोलतो. म्हणून आमच्याकडे हा पैसा माणसाच्या अंगावरून जातो. आत मांजरपाटाची बंडी, बंडीला काखेखाली चोरखिसा, वरून सदरा, आणि चेहऱ्यावर लग्नाला निघाल्याचा भाव. बंडी अप्पांची, बाकीचं ज्याचं त्याचं.

दुसऱ्या शिंप्यांचे चोरखिसे फुगायचे. अप्पांचा खिसा दुहेरी अस्तरात असा बसायचा की माणूस नुसता जरा सुखी दिसायचा. तोंड कच्च्या टाक्यानं बंद. दोरा ओढला की खिसा उघडायचा, न ओढला तर तिथं खिसा आहे हे बंडी घालणाऱ्यालाही आठवू नये. "दिसला की तो चोरखिसा न्हाई, नुसती पिशवी हाय," असं अप्पा म्हणत.

खिशाची खोली ते बोटांनी विचारायचे. "किती बोटं ठेवू?" ज्याला निवडून यायची खात्री असायची, त्याचा माणूस आठ बोटं सांगायचा. ज्याच्या पोटात गोळा आलेला असायचा, त्याचा बारा सांगायचा. अप्पांना गेल्या वेळचं माप तोंडपाठ. ज्याचा खिसा जास्त खोल गेला, तो पडणार, इतकं सरळ गणित होतं. मात्र कुणाचं माप किती, हे मी लाख वेळा विचारूनही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"आज साहेबाच्या खिशाचं सांगीन," ते म्हणत, "उद्या एखादीच्या पोलक्याचं सांगीन. मग माझ्या दुकानात कोण येईल? तू?"

ही विद्या अप्पांच्या घरातली. घर मूळचं मेंढरंवालं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ फिरायचे आणि लोकरीचा, कोकरांचा आलेला पैसा घोंगडीच्या शिवणीत शिवून त्याच घोंगडीवर पाठ टेकायचे. वाटेत भेटणाऱ्याला म्हातारा कफल्लक वाटायचा. अप्पांनी पुढं मेंढरं विकून मशीन घेतली, पण तो टाका काही विकला नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "अप्पा, हे असले खिसे शिवणं पाप नाही का?"

"हाय की," अप्पा म्हणाले. "म्हणून तर शिलाई जास्त घेत न्हाई."

मग थोडा वेळ मशीन चालवून त्यांनीच पुढं जोडलं, "माझ्या बापानं पोटाचं लपवलं. हे लपवतेत ते निराळं. टाका तोच हाय, बाबा, मी काय करू?"

शिलाईचा दर खरोखर ठरलेला होता, साध्या बंडीला जो तोच. थोरल्यांचा उजवा हात म्हणजे बसू. पांढरी पँट, पांढरा सदरा, पांढरे बूट, फक्त धंदा तेवढा काळा. हा बसू एकदा खुशीत येऊन वर पाचशेची नोट ठेवून गेला. अप्पांनी त्या नोटेला एक टाका घातला आणि ती त्याच्याच पुढच्या बंडीच्या खिशात परत पाठवली. मतासाठी वाटलेले पैसे तर त्यांनी कधीच घेतले नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "कुठून आलेत, कुणाच्या काखेतून आलेत, मला ठावं हाय. वास येतो."

पैसे वाटताना आमच्याकडे लोकांना भंडारा उचलायला लावतात. हळदीच्या त्या चिमटीवर हात ठेवून सांगायचं की मत तुम्हालाच. ह्या कामासाठी बसूनं अप्पांच्या फळीवरची देवाची भंडाऱ्याची डबी दोन दिवस मागितली होती. अप्पांनी डबी उचलून मशीनच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. "देवाला साक्षीला बोलव," ते म्हणाले, "दलालीला कामून बोलवायलास?"

आमच्या गल्लीत आल्यावर बसूपुढं वेगळाच पेच पडला. आम्ही बौद्ध, आम्हाला भंडारा चालत नाही. दोन दिवस डोकं खाजवून त्यानं संविधानाची एक प्रत पैदा केली आणि माझ्या आईला म्हणाला, "मावशी, ह्यावर हात ठेवा आन् पैसे घ्या." आई म्हणाली, "हात ठेवते बाबा. आधी पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखव." बसू वाचायला लागला. तिसऱ्या ओळीला त्याला घाम फुटला, पाचव्या ओळीला तो म्हणाला की जीप थांबलीय. ही गोष्ट मी अप्पांना सांगितली तर त्यांनी मशीन थांबवली, उठून आमच्या घरी गेले आणि आईला म्हणाले, "अक्का, तुमचं एक पोलकं माझ्याकडून." त्यांनी फुकट शिवलेला तेवढा एकच कपडा.

अप्पांना मोह नव्हताच असं मात्र नाही. एक होता, आणि तो दहा बाय आठचा होता. त्यांच्या दुकानाची जागा सरकारी. तीस वर्षं बसले, पट्टी भरली, पण जागा नावावर नाही. आमच्याकडे त्या कागदाला हक्कुपत्र म्हणतात. दर निवडणुकीला थोरले साहेब मशीनवर हात ठेवून सांगायचे, "अप्पा, ह्या खेपेला तुमचं हक्कुपत्र पक्कं." बायको गेलेली, एकच लेक शोभा, ती गुलबर्ग्याला दिलेली. जावई चांगला होता. अप्पांना तो चांगला होता ह्याचीच जास्त भीती वाटायची. "वाईट असता तर बोलवला नसता. हा बोलवतोय. दुकान गेलं की जावयाच्या दारात मशीन लावायची पाळी येईल बघ." हे एकच वाक्य बोलताना त्यांची भुवई वर जायची नाही.

तर मागच्या निवडणुकीची गोष्ट. उन्हाळा असा की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. अप्पांनी एका ताग्यातून आधी थोरल्यांच्या अकरा बंड्या शिवल्या, मग धाकट्यांच्या नऊ. कापड एक, दोरा एक, आणि बंडी तंग झाली तर माल दिसतो म्हणून सगळ्या एकाच ढगळ मापाच्या, म्हणजे कुणाच्याच मापाच्या नव्हेत. खिसे दोघांचेही गेल्या वेळेपेक्षा चार-चार बोटं खोल गेले होते, हे मला पुढं बंड्या घालणाऱ्यांकडून कळलं. तेव्हा अप्पा फक्त इतकंच म्हणाले, "झेरॉक्स, ह्या डावाला दोघं बी पडतेत."

"दोघं कसे पडतील, अप्पा?"

"ते मला इचारू नकोस. मी शिंपी हाय."

त्याच आठवड्यात अप्पांच्या पुतणीचं लग्न होतं, सीमेपलीकडच्या एका गावात. सगळी भावकी लोटली. आणि भावकी म्हणजे काय, अर्धी थोरल्यांकडे, अर्धी धाकट्यांकडे. पलीकडून पैसा आणायला ह्याहून चांगलं निमित्त कुठलं? चेकपोस्टवर विचारलं तर लग्नाला गेलो होतो म्हणायचं, आणि ते खरंही असायचं. दोन्ही बाजूंना ही युक्ती एकाच वेळी सुचली आणि दोघांनी एकमेकांना सांगितली नाही. उदगीरच्या बाजूनं माल अंगावर घेऊन वीसही जण हळदीच्या सकाळी मांडवात हजर. मीही होतो. ते वीस जण मला एका नजरेत ओळखू आले, कारण बेचाळीस अंश उन्हात सदऱ्याची वरची बटणं लावून ताठ बसलेले तेवढेच होते.

त्या सगळ्यांना एका गोष्टीचा विसर पडला होता. ती गोष्ट म्हणजे शेवंताअक्का, अप्पांची थोरली बहीण. आमच्याकडे हळद म्हणजे गालाला बोट लावणं नव्हे. पिंपभर पाण्यात हळद कालवतात आणि मांडवातल्या एकेका पुरुषाला धरून भिजवतात. अक्कांच्या मांडवातून कुणी कोरडा गेला असं कधी घडलेलं नाही.

पहिला सापडला तो थोरल्यांचा माणूस. अक्कांनी कळशी उचलली तसा तो बैलगाडीमागं पळाला. बायकांनी त्याला तिकडून घेरला. "अक्का, थांबा, थांबा," तो हात जोडून म्हणाला, "सदरा-बंडी तेवढी काढतो."

"इतका कापडाला जपायलास, नवरदेव हाईस का?" अक्का म्हणाल्या, आणि त्याची बंडी घेऊन ती ओट्यावरच्या वेताच्या टोपलीत टाकली. मग दुसरा, मग तिसरा. नोट भिजवण्यापेक्षा बंडी काढलेली बरी, असा हिशोब प्रत्येकानं मनात केला, आणि अर्ध्या तासात वीसही बंड्या एका टोपलीत जाऊन पडल्या. मधूनमधून अक्का आपले हळदीचे हात त्यांनाच पुसत होत्या.

न्हाणं झालं. वीस पिवळी माणसं उघड्या अंगानं त्या टोपलीभोवती उभी राहिली. सगळ्या बंड्या एकसारख्या, पिवळे डागही एकसारखे. कुणी हात घालीना. माझी कुठली, असं विचारायचं तर तिच्यात काय आहे ते सांगावं लागणार, आणि समोर उभा मामेभाऊ दुसऱ्या पार्टीचा. एकानं हळूच एक बंडी उचलून वजन बघितलं आणि सगळे त्याच्याकडे असं बघायला लागले की त्यानं ती परत ठेवली.

अप्पा बाजेवर बसून पान लावत होते. कुणीतरी म्हणालं, "अप्पा, बघा की जरा. शिवल्या तुम्हीच की."

"बघितलं असतं रे," अप्पा म्हणाले, "पण माझा चष्मा दुकानात राहिलाय."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. वीसही जणांना तो दिसत होता. पण नवरीच्या चुलत्याला खोटं पाडायचं कुणी? शेवटी पंगतीला बोलावणं आलं आणि प्रत्येकानं देवाचं नाव घेऊन हाताला लागेल ती बंडी चढवली.

त्यापुढचे चार दिवस आमच्या तालुक्यात जे झालं, ते कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही, येणारही नव्हतं. धाकट्यांचा पैसा थोरल्यांच्या माणसांनी थोरल्यांच्या नावानं भंडारा उचलायला लावून वाटला. थोरल्यांचा धाकट्यांच्या नावानं गेला. एका वाडीला दोनदा मिळाला, एका तांड्यावर कुणी फिरकलंच नाही. दोन्हीकडचे पुढारी आपापल्या माणसांना शपथा घालत बसले. तक्रार मात्र कुणालाच करता येईना. मी चोरून आणलेले पैसे चोरीला गेले, अशी फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची?

शेवटी खापर फुटलं ते अप्पांवर. बसू आला, मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि त्यानं एक घडीचा कागद उलगडला. प्रत माझ्याच यंत्रावर काढलेली होती. सकाळीच त्याचा माणूस काढून घेऊन गेला होता.

"अप्पा, हे बघा तुमचं हक्कुपत्र. नाव बरोबर हाय?"

"हाय."

"जागेचं माप?"

"दहा बाय आठ. बरोबर हाय."

"मूळ कागद कचेरीत हाय. साहेबाच्या एका फोनात शिक्का पडतो. आता तुम्ही एकच सांगा. धाकट्यांचे खिसे किती बोटं होते, आन् ते वळखायचे कसे? म्हंजे कुणी किती गिळलं ते आमाला कळतंय."

अप्पांनी कागद दोन्ही हातांनी धरून पुन्हा एकदा वाचला. पत्र्याच्या अलीकडे मी फटीला डोळा लावून बसलो होतो. मग त्यांनी तो नीट घडी करून परत दिला. "बसू, तुझ्या बायकोचं पोलकं मीच शिवतो. तिचं माप सांगू का कुणाला?"

"ते आन् हे एक हाय का?"

"माझ्या वहीत एकाच पानावर हाय."

बसू उठला. पांढऱ्या पँटीवरचा दोरा झटकत म्हणाला, "जागा जाईल, अप्पा."

"व्हय, जाईल की."

दुपारी धाकट्यांचा माणूस येऊन तेच विचारून गेला. त्याच्याकडे कागद नव्हता, फक्त आवाज मोठा होता. संध्याकाळी भरारी पथकाच्या मॅडम आल्या. तरुण बाई, गुलबर्ग्याकडच्या. त्यांनी कन्नडात विचारलं, हे खिसे कुणाकुणासाठी शिवलेत. अप्पांनी मान डोलावली आणि दक्खिनीत उत्तर दिलं, "क्या की अम्मा, बुड्ढा आदमी हूं मैं." मॅडमना तीनही भाषा येत होत्या. त्या शांतपणे मराठीत म्हणाल्या, "मामा, उद्यापर्यंत बोला. नाहीतर केस तुमच्यावर होईल."

त्या गेल्यावर अप्पांनी दिवा लावला. मग ताग्याचा उरलेला तुकडा ओढला, बेतला आणि मशीन सुरू केली. सकाळी मी दुकान उघडलं तर त्यांच्या दर्शनी खुंटीला एक नवी बंडी टांगलेली. उलटी. काखेखालचा चोरखिसा समोर, तोंडाचा कच्चा टाका अर्धा ओढलेला, आणि अस्तर कुठं संपतं तिथं निळ्या खडूनं बाण.

"अप्पा, हे काय करायलात?"

"नमुना लावलाय. शिंप्याच्या दुकानात नमुना असतोय की." ते दातांतला दोरा काढून म्हणाले, "तिघांनी इचारलं. एकाला सांगितलं तर चुगली हुती. माप कुणाचं बी सांगितलं न्हाई. खिसा माझा हाय, माझा मी दाखवायलोय."

दिवसभर जत्रा भरली. जीपवाले आले, भाजी-माळवं घेऊन आलेल्या बाया आल्या. ज्याला त्याला त्या खिशात हात घालून बघायचा होता. मॅडम आल्या, दहा मिनिटं उभ्या राहिल्या, दोरा एकदा स्वतः ओढून बघितला, फोटो काढला आणि केसचं नाव न काढता गेल्या. दुसऱ्या दिवसापासून चेकपोस्टवर गाडी कुणी बघेना. पोलीस नुसते म्हणत, "उतरा. हात वर." त्यानंतर लग्नाला निघालेली कितीतरी माणसं अर्ध्या वाटेवरून घरी परतली. तीस वर्षांची विद्या अप्पांनी एका खुंटीला टांगून संपवली.

शेवटच्या फेरीचा पैसा कुठल्याच गावात पोचला नाही. लोकांनी दोन दिवस वाट बघितली, मग कंटाळून फुकट मतं दिली. अप्पांचं भाकीत तेवढं एकदा अर्धं चुकलं; निवडून आले थोरलेच. तुम्ही म्हणाल, मग त्यांनी खूश व्हायला पाहिजे होतं. उलट झालं. पैसे न वाटताही आपण येतो, तर इतकी वर्षं वाटले कशाला, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली असावी. आणि ही गोष्ट त्यांना शिकवली कुणी, तर एका शिंप्यानं.

तीन महिन्यांत फाट्यावरचा रस्ता रुंद करायचं निघालं. तो रुंद झाला नेमका दहा फूट, आणि नेमका अप्पांच्या दुकानापाशी. तुम्ही आजही येऊन बघा. सरळ चाललेल्या रस्त्याला तिथं एकदम पोट सुटतं आणि माझ्या भिंतीपाशी आल्यावर ते परत आत जातं. पत्रा काढायला यंत्र आलं त्या सकाळी मी माझ्या दुकानात होतो. थोरल्यांच्या मतदारयाद्यांचं काम माझ्याकडे होतं, माझी जागाही सरकारीच होती. मी बाहेर आलो नाही. कुणीही न मागितलेल्या एका अर्जाच्या पन्नास प्रती काढत उभा राहिलो. अप्पांनी मशीन जीपवर चढवली, माझ्या काउंटरपाशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद वाया घालवू नकोस, झेरॉक्स." आणि गुलबर्ग्याला गेले. जावयाच्या दारात.

आठ महिन्यांनी अप्पांच्या नावाचा कचेरीचा लखोटा आला, आणि त्यांचं दुकान उरलं नव्हतं म्हणून पोस्टमननं तो मला दिला. आत अप्पांचं हक्कुपत्र. खरं, शिक्क्याचं, सहीचं. निवडणुकीआधी चाळीस लोकांची यादी वर गेली होती; तिच्यातून त्यांचं नाव काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आमच्याकडे फाईल एकदा चालायला लागली की तिला साहेबसुद्धा थांब म्हणू शकत नाहीत. सोबत नकाशा, दहा बाय आठ, चारही बाजू दाखवलेल्या. जागा बरोबर डांबराच्या मधोमध.

मी ते घेऊन गुलबर्ग्याला गेलो. अप्पा पायऱ्यांवर बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होते; जावयानं मशीन दारात नव्हे, घरात खिडकीपाशी ठेवली होती. मला वाटलं होतं, कागद बघून डोळ्यांत पाणी येईल. अप्पांनी चष्मा पुसला, नकाशा आडवा धरला, उभा धरला, आणि भुवई वर गेली.

"म्हंजे साहेबाची गाडी आता माझ्या जागेतून जाती का?"

"रोज जाते, अप्पा."

"परवानगी इचारली न्हाई मला कुणी."

हसायचं थांबल्यावर मी विचारलंच, त्या दिवशी हळदीत तुम्हाला बंड्या खरंच ओळखू येत नव्हत्या का. "थोरल्याच्या खिशाला सात टाके, धाकट्याच्या नऊ," ते म्हणाले. "एका नजरेत सांगितलं असतं. मग पुतणीच्या मांडवात डोकी फुटली असती." बटणाचा दोरा तोडून पुढं म्हणाले, "आन् खोटं कशाला बोलू, मजा बी लई आली."

निघताना त्यांनी मला एक काम सांगितलं. साहेबांची गाडी त्यांच्या जागेवरून गेली की फोन करायचा. मी करायचो. "अप्पा, आत्ता गेली." पलीकडून मशीन थांबल्याचा आवाज यायचा, थोडा विचार केल्यासारखं व्हायचं आणि अप्पा मोठ्या मनानं म्हणायचे, "जाऊ दे." कधी साहेबांच्या मागं सहा-सात गाड्या असायच्या. मी सांगायचो, आज पाव्हणे घेऊन गेले. "त्यान्ला बी जाऊ दे." दोन वर्षं आमचं हे चाललं. जागेच्या मालकाला एवढा मान दिलेला मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

गेल्या थंडीत अप्पा गेले. मी मातीला गेलो, परत आलो, दुकान उघडलं. चौथ्या दिवशी साहेबांची गाडी धूळ उडवत रस्त्याच्या त्या पोटावरून गेली आणि माझ्या बोटांनी सवयीनं नंबर लावला. वाजल्यावर लक्षात आलं. ठेवणार तेवढ्यात शोभानं उचलला.

"चुकून लागला, पोरी," मी म्हणालो.

"गाडी गेली का, काका?"

"गेली."

"अप्पांनी सांगून ठेवलंय, काकाचा फोन आला तर गप बसू नकोस म्हणून." मग तिनं अप्पांचाच आवाज काढला. "जाऊ दे," ती म्हणाली.